जिभेचं कुंपण

माझ्या जिभेला कुंपण घालू का, असं त्या पोरीनं विचारलं आणि तिथून सगळं बिघडलं. नसतं विचारलं तर मी गुमान जेवले असते, पाय ताणून पडले असते आणि टोरांटोला उतरून नातीला चार शब्द सुनावले असते. त्यासाठीच तर निघाले होते.

मी महानंदा. लातूरला आमची डाळमिल आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, पण तुरीचा दाणा दाताखाली धरला की तो कुठल्या शिवारातला ते मी सांगते. मिलमधलं यंत्र माझ्यानंतर सांगतं. घर लिंगायताचं. गळ्यातल्या दोऱ्यात चांदीची डबी, डबीत लिंग, ते मरेपर्यंत छातीवर. अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही, हे मी गल्लीला, भिशीच्या बायकांना, मिलच्या हमालांनासुद्धा ऐकवत आलेली आहे.

नात शाल्मली तिकडं टोरांटोत. सातवा महिना लागला होता. एक दिवस फोनवर म्हणाली, "अव्वा, मला सारखे मासे खावेसे वाटतायत. स्वप्नात दिसतात गं."

"मी येते," म्हणलं. "येईपर्यंत तोंड मिटून बस."

तिनं हसत हसत माझं आणि तिच्या आईचं तिकीट काढलं. माझे गुडघे दुखतात म्हणून वरच्या वर्गाचं. खुर्ची कसली, खोलीच ती. बटण दाबलं की पलंग होतो. शेजारच्या खोलीत सुचेता, माझी सून. मधली फळी खाली सरकवली की आम्ही दोघी एकमेकींना दिसायचो.

सुचेता वेंगुर्ल्याची. माझ्या विश्वनाथनं पुण्यात शिकताना पसंत केली. मी आडवी आले नाही. एकच अट घातली होती: मासळी वेंगुर्ल्यातच ठेवून यायची. तिनं ठेवली. एकतीस वर्षांत एक शब्द काढला नाही. भिशीत मी तिचं उदाहरण द्यायची. "बघा, वळण लावलं की लागतं."

मुंबई सोडून दोन तास झाले तेव्हा जेवण आलं. आणणारी पोरगी केतकी, अकोल्याची, बोलकी. ताटात तीन ढीग: पिवळा, पांढरा, तपकिरी. मी बोटानं चाखलं. मेण खाल्ल्यासारखं लागलं. पण दाताखाली जी कणी आली ती मी कुठंही ओळखीन.

"ही तुरीची चुनी आहे," मी म्हणाले. "दळून, चाळून, नटवलेली. आम्ही म्हशींना घालतो."

"आजी, प्रोटीन आहे ते."

"म्हशींनाही आम्ही तेच सांगतो."

सुचेताच्या ओठाचा कोपरा हलला. केतकीनं ताटाशेजारी एक जाडसर चमचा ठेवला आणि मला समजावून सांगितलं. मला उमगलं ते असं. एवढ्या उंचीवर केबिनमधली हवा फुफाट्यासारखी कोरडी असते. नाक सुकतं, हवेचा दाब कमी, त्यात इंजिनाची घरघर. जिभेला खारट आणि गोड फारसं कळतच नाही. आधी विमानवाले त्यावर उपाय म्हणून मीठ नि मसाला ओतायचे. मग हा चमचा निघाला. त्याच्या पोटाशी दोन बारीक ठिपके असतात. आपली जीभ मेंदूला आंबट-खारट कळवते ते विजेच्या बारीक झटक्यांनीच. हा चमचा तसलेच झटके स्वतः देतो, मुंगी चालल्याइतके सुद्धा जाणवत नाहीत. वास उशीतून येतो. तिथं पाऊणशे अत्तरांच्या नळ्या बसवल्यात, पाहिजे तशा मिसळून नाकाशी सोडतात. जीभ नि नाक दोन्ही फसली की चुनीची बासुंदी होते.

"आणि कुणाला काय आवडतं ते ह्याला कसं कळणार?" सुचेतानं विचारलं.

"तेच तर खास आहे मॅडम. तो विचारतच नाही. दांडीतून तुमची नाडी बघतो, टोकातून लाळ बघतो. प्रत्येक घासाला चव जराशी बदलतो आणि अंग काय म्हणतं ते ऐकतो. अंग खूश झालं की त्या बाजूला आणखी एक पाऊल."

सासऱ्यांचा जुना रेडिओ आठवला. खुंटी इकडं तिकडं फिरवत, खरखर ऐकत, मध्येच एकदम स्पष्ट गाणं लागायचं, तसं. फक्त इथं खुंटी यंत्राच्या हातात नि रेडिओ म्हणजे आपण.

पलीकडच्या रांगेत एक जाडगेला गृहस्थ त्याच चुनीतून, ताटात नसलेलं हाड चोखत होता. चक्क आवाज करून.

"पोटात डाळ नि तोंडात बकरं! ह्याला शाकाहार म्हणता तुम्ही?"

"ताटावर हिरवा ठिपकाच आहे ना आजी. आता आमच्या विमानात मांस चढतच नाही. एकच पीठ, सगळ्यांना. कुणी मेलं नाही, कुणी बाटलं नाही."

"बाटतं ते ताट का जीभ, हे ठरवलं का तुमच्या कंपनीनं?"

 केतकीनं आपल्या कामाचं विचारलं. "तुमची चव शाकाहारीच्या आत बांधून ठेवू का? म्हणजे यंत्र शोधत शोधत भलतीकडं जाणार नाही. कुंपणच समजा."

"हो, माझं बांधा," सुचेता लगेच म्हणाली.

आणि मी, आसपासच्या चार खुर्च्यांना ऐकू जाईल अशी म्हणाले, "हिचं बांध. हिला गरज आहे. माझ्या जिभेला कुंपण कशाला? अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिनं वेस ओलांडली नाही. सोड मोकळी."

सुचेताचे कान लाल झाले. ती ताटाकडं बघत राहिली.

पहिला घास वरणाचा लागला, वर तूप. मी मान डोलावली. दुसऱ्याला आमची येसर आमटी, खोबरं भाजून केलेली. तिसरा तसाच, पण थोडा आंबट. चिंचेचा नव्हे, आमसुलाचा. आमच्याकडं आमसूल कोण घालतंय, असा विचार करेपर्यंत चौथा तोंडात गेला होता आणि त्यात धूर होता. लाकडाचा, ओलसर लाकडाचा. पाचव्याला मीठ आलं. पुडीतलं नव्हे, वाऱ्याबरोबर ओठावर बसतं तसलं. मग सहावा. सातवा. मी थांबायला पाहिजे होतं. थांबले नाही. तोंडाला पाणी सुटलं होतं आणि डोळ्यालाही.

"अव्वा," सुचेता हळूच म्हणाली, "तुमचं लिंग."

मी छातीला हात लावला. डबी नव्हती. ती पाठीवर होती, खुर्चीत नि मणक्यात रुतत. माझ्याच हातानं ती फिरवून मागं टाकली होती. कधी, ते मला कळलं नव्हतं.

"काय लागलं तोंडाला?" सुचेतानं विचारलं.

"वरण."

"वरणासाठी कुणी देव पाठीमागं सरकवत नाही."

तेवढ्यात केतकी आली, हातात तिची काचेची पाटी. भाबडी पोर, मोठ्यानं वाचली. "वा आजी! आठव्या घासाला यंत्र थांबलं. इतकं पक्कं कुणाचं लागत नाही हो. निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, आमसूल, उकड्या तांदळाचा भात."

जाडगेल्या गृहस्थानं चोखणं थांबवून माझ्याकडं बघितलं.

"बिघडलंय तुझं यंत्र."

"असेल आजी. पुसून टाकू? पण उतरायच्या आत सांगायला लागेल. उतरलं की तुमच्या चवीचं हे कार्ड तिकीट काढणाऱ्याला जातं. शाल्मली मॅडमनी तशी खूण केलीय. डोहाळजेवणाला प्रत्येकाच्या आवडीचं करायचं आहे त्यांना."

"पूस. आत्ताच्या आत्ता पूस."

"थांबा." सुचेता. आवाज चढवला नव्हता, पण एकतीस वर्षांत तिनं मला थांबा म्हटलेलं मला आठवत नाही. "पाच मिनिटं द्या आम्हाला."

केतकी गेली. सुचेतानं फळी आणखी खाली केली, पार बसवली.

"खरं का खोटं, तेवढं सांगा. नंतर पुसा पाहिजे तर."

विमान सूर्याच्या मागं पळत होतं. खिडकीतली दुपार संपतच नव्हती. तोंड लपवायला जागा नव्हती, आणि यंत्रानं सगळं चव्हाट्यावर आणल्यावर मी आता कुणासाठी लपवत होते?

"माझा बाप हर्णैला कस्टमात शिपाई होता," मी म्हणाले. "कोळ्यांच्या आळीत एक खोली. मी चार वर्षांची असताना आईला क्षय झाला, तिला मिरजेला दवाखान्यात ठेवलं. बाप दिवसभर बंदरावर. मला शेजारच्या नागूबायनं सांभाळलं. चार वर्षं. तिच्या घरात जे शिजायचं ते मी खायची."

"मासे."

"बोंबील. चुलीतल्या निखाऱ्यावर भाजायची, पाट्यावर ठेचायची, गरम भातात कालवून भरवायची. आणि पहिल्या घासाआधी माझ्या गळ्यातली डबी पाठीवर सरकवायची. म्हणायची, देवाला म्हणावं, जरा तिकडं बघ, पोर जेवतेय."

सुचेता माझ्याकडं वाकली.

"आई गेली. बापानं बदली घेतली. निघताना नागूबाय एसटीपाशी आली, फडक्यात बांधून बोंबील दिले. बापानं ते कुंभार्ली घाटात खिडकीतून फेकले. म्हणाला, तिथलं तिथं राहिलं. कुणी विचारलं तर दूधभात खायची म्हण. तेव्हापासून मी दूधभात म्हणतेय. तुझ्या सासऱ्यांना ठाऊक नव्हतं. विश्वनाथला नाही."

मी डबी पुढं ओढून घेतली.  

"शाल्मलीच्या वेळचं आठवतं?" सुचेतानं विचारलं.

न आठवायला काय झालं. तिलाही सातवाच होता. डोहाळे लागले होते, अन्न जात नव्हतं. तिची आई वेंगुर्ल्याहून सोळा तासांचा प्रवास करून आली, पदराखाली एक बरणी घेऊन. सुक्या बोंबलाची चटणी. मी दारातच वास ओळखला. बरणी उकिरड्यावर टाकली आणि त्या बाईच्या देखत उंबरा धुऊन काढला. ती पाणीसुद्धा न पिता परतली. परत कधी आली नाही. चार वर्षांनी वारली.

"तुम्हाला घाण वाटली असेल, असं मी मनाला समजावलं," सुचेता म्हणाली. "माणसाला खरंच किळस येते, त्याचा काय दोष. तीस वर्षं मी तेवढ्यावर तुम्हाला माफ करत आले, अव्वा. आता सांगा. किळस आली होती का?"

इथं खोटं बोलता आलं असतं. यंत्र काही बरणीपर्यंत पोचलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "तोंडाला पाणी सुटलं होतं. झाकण उघडलं असतं तर मीच बोट घातलं असतं. म्हणून टाकली."

ती हसली. तसं हसणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं आणि परत ऐकायची इच्छा नाही.

"म्हणजे घरात दोघी होतो," ती म्हणाली. "दोघी होतो, आणि मी एकटी बसायची."

मग तिनं बटण दाबून केतकीला बोलावलं. "माझं कुंपण काढा."

तिनं चमचा उचलला. पहिला घास, दुसरा. डोळे मिटून, जिना उतरताना पायरी चाचपडावी तशी ती खात होती. मला तिच्या गळ्याची हालचाल दिसत होती. दहा घास झाले. पंधरा. आपलं माणूस दवाखान्यात आत असताना दाराकडं बघावं, तशी मी तिच्या तोंडाकडं बघत होते. लागू दे, म्हणत होते मनात. कुणाला म्हणत होते कोण जाणे.

तिनं डोळे उघडले. "येत नाही."

"काय?"

"आईच्या हातचं. तो सगळीकडं नेऊन बघतोय. नारळ दिला, तिरफळ दिलं, खारा वारा दिला. माझंच अंग हलत नाही."

केतकी पाटी बघत होती. तिलाही आता काहीतरी कळलं असावं, कारण ह्या वेळी ती हळू बोलली. "असं होतं मॅडम. अंगानं साद दिली नाही की यंत्र ती वाट सोडून देतं. फार वर्षं एखादी चव मिळाली नाही की… पण यादी आहे आमच्याकडं. मालवणी आहे. तिथून उचलून देऊ?"

"नको. मला माझी हवी होती."

"मग थांबलं कुठं?" मी विचारलं.

केतकीनं पाटी माझ्याकडं वळवली. अक्षरं मोठी होती, मला वाचता आली. येसर आमटी. ज्वारीची भाकरी. लाल मिरचीचा ठेचा.

"तुमच्या हातचं, अव्वा," सुचेता म्हणाली.

एकतीस वर्षं मला हे ऐकायचं होतं. सणावारी ती पंगत वाढून दमायची आणि शेवटी मान खाली घालून जेवायची, तेव्हा मी आडून आडून विचारायची, बरी झालीय का आमटी? ती म्हणायची, हो. आज तिच्या अंगानं सांगितलं, लाळेनं, नाडीनं. आणि मला कुठं बघावं ते सुधरेना. माझी चव मी पाठीमागं दडवून जपली होती, साठ-सत्तर वर्षं, जशीच्या तशी. तिनं तिची मी सांगितलं म्हणून खरोखरच सोडली होती. मुळापासून. वळण लावलं की लागतं, म्हणे.

"माझं पुसा," ती केतकीला म्हणाली. "माझ्या लेकीला वाटायला नको की तिच्या आईला एवढंच आवडतं."

केतकीनं बोट फिरवलं. पुसलं गेलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"आणि माझं?" मी सुचेताला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारलं असेल.

"तुमचं तुम्ही बघा. एकीच्या जिभेचं दुसरीनं ठरवायचं, तेवढं मला आता सांगू नका."

मी खिडकीकडं बघितलं. टोरांटोत पोर पोटावर हात ठेवून बसली असेल. तिला सुनावायचं ते मी पाठ करून आले होते. मी असेपर्यंत तुझ्या पोटात मासा जाणार नाही, असं. गल्लीतल्या बायकांसमोर घोकलं होतं. कार्ड तिच्याकडं गेलं की त्यातला एक शब्द मला उच्चारता येणार नव्हता. ती विचारेल, अव्वा, हे काय? मला नागूबाय सांगावी लागेल. मग बरणी सांगावी लागेल. विश्वनाथच्या कानावर जाईल, तिथून मिलवर, तिथून भिशीत. ह्या वयात.

"आजी?" केतकी म्हणाली.

"पुसू नकोस. पोचू दे पोरीकडं."

ती पाटी घेऊन गेली. मला वाटलं होतं, सुचेता काहीतरी बोलेल. निदान बघेल. तिनं चमचा बाजूला ठेवला, उशी मागं ढकलली, आणि ती उरलेली चुनी सरळ बोटांनी खायला लागली. नुसती. म्हशीची.

"अळणी आहे," ती म्हणाली आणि हात पुढं केला.

मिठाची पुडी माझ्या ताटात होती. मीठ कुणी हातावर देत नाही; भांडण होतं म्हणतात. माझ्या घरात मी ते कधी होऊ दिलं नाही. ताटाच्या कडेला ठेवायचं आणि दुसऱ्यानं तिथून उचलायचं, हे मीच तिला शिकवलं होतं, ती नवी नवरी असताना. ती विसरली नव्हती. तळवा उघडा, माझ्याकडं न बघता, तशीच बसली होती.

मी पुडी फाडली आणि मीठ तिच्या हातावर ओतलं.

"आता भांडण होईल," ती म्हणाली.

"होऊ दे. उतरायला अजून बारा तास आहेत."

तिनं मीठ घासावर टाकलं, घास खाल्ला, सावकाश गिळला. मग खुर्ची माझ्याकडं वळवली.

"पहिली म्हणजे," ती म्हणाली, "ती बरणी."